आधी फोन ठेवा

आरोग्य माहितीच्या फोनसेवेत तापासाठी एक दाबा, खोकल्यासाठी दोन दाबा असं सांगणारा ज्या बाईंचा आवाज आहे, त्यांना ऑफिसात सगळे ताई म्हणत. कपाटाएवढ्या खोलीत, पंखा बंद करून, त्या अकरा वर्षं लोकांच्या दुखण्यांवर बोलत आल्या होत्या. डॉक्टर लिहून देत, ताई वाचत. स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे होऊ देत नसत, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता.

प्रत्येक निरोप चाळीस सेकंदांचा. बहुतेक लोक पंचविसाव्या सेकंदाच्या आतच फोन ठेवतात, हे महिन्याच्या तक्त्यात स्पष्ट दिसे. ताई तो तक्ता दर महिन्याला पाहत आणि चहा संपेपर्यंत विसरून जात.

त्यांचा धाकटा दीर एक नंबरचा हट्टी. डॉक्टरचं नाव काढलं की त्याला शंभर कामं आठवत. वहिनीचा आवाज मात्र घरबसल्या मिळे. एका दुपारी छातीत जळजळ व्हायला लागली, तसा त्यानं फोन लावून पाच दाबला.

"छातीतली जळजळ बहुतेक वेळा पित्तामुळे होते," वहिनीनं शांतपणे सांगितलं.

त्यानं फोन ठेवला आणि दोन उश्या घेऊन आडवा झाला. घाम फुटला असेल, हात दुखत असेल तर ताबडतोब दवाखाना गाठा, हे वाक्य चौतिसाव्या सेकंदाला होतं.

संध्याकाळी धाकट्या जावेनं त्याला कसंबसं गाडीत घालून दवाखान्यात नेलं. हृदयाचा झटका होता. जिवावर बेतलं होतं, थोडक्यात निभावलं.

"इतका वेळ घरी काय करत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"वहिनी म्हणाली, पित्त आहे."

ताई खाटेच्या पायथ्याशीच उभ्या होत्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांसमोर जाऊन बसल्या. "पाच नंबरचं शेवटचं वाक्य पहिलं घ्यायचं. आणि त्यात 'आधी फोन ठेवा' असं हवं."

"ताई, लोक किती वेळ ऐकतात त्यावर आपलं काम मोजलं जातं. सुरुवातीलाच फोन ठेवा म्हणायचं?"

"म्हणायचं. नाहीतर दुसरा आवाज बघा."

साहेबांनी मनातल्या मनात हिशोब केला असावा. दुसऱ्या आवाजात दोनशे निरोप नव्यानं भरायचे म्हणजे डोक्याला ताप. त्यांनी कागद डॉक्टरांकडे पाठवला, डॉक्टरांनी मुकाट्यानं सही केली.

दीर घरी आल्यावर ताईंनी पाच दाबून फोन त्याच्या हातात दिला. त्यानं कानाला लावला. ताई घड्याळाकडे बघत होत्या. बाराव्या सेकंदाला त्यानं फोन ठेवला.

"पूर्ण का नाही ऐकलंस?"

"कळलं की. घाम फुटला, हात दुखला, तर फोन ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. पुढे काय आहे?"

"पुढे पित्त आहे," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन त्याच्या उशाशी ठेवला.