मोठ्यानं म्हण

हे मी कोणाला सांगितलं नाही. पोटच्या लेकीलाही नाही. देवापुढे हात जोडले की ओठांपर्यंत यायचं — आणि मी दुसरंच काहीतरी मागून उठायची. आज तुम्ही समोर आहात असं धरून सांगते. बसा जरा.

तसं मला बोलायला फार लागतं, गावाला माहीत आहे. आमचं गाव तिरोड्याकडचं, धानाचं. मी सातवी शिकलेली. इंग्रजी शिकले ती लेकीच्या पुस्तकांवरून, चुलीपुढे एकेक शब्द तोंडात घोळवत. पुढे गावच्या पोरी माझ्याकडे शिकायला यायला लागल्या. इंग्लिशबाई म्हणायचे मला! मान कशी ताठ व्हायची, काय सांगू. त्या मानेपायीच तर — पण थांबा, आधी शिकवणीचं सांगते.

शिकवणी भरायची शेजारच्या गिरजाबाईच्या ओसरीवर. माझी मैत्रीण ती. माझ्या दोन खोल्यांत जागा कुठे? ती एका कडेला सुपात तांदूळ निवडत बसायची, मध्येच चहा पाठवायची. इंग्रजीचं अक्षर तिला कळत नव्हतं, पण आपल्या ओसरीवर शाळा भरते याचं कौतुक मोठं.

माझा एक नियम होता. रोज एक क्रियापद द्यायचं आणि प्रत्येकीनं त्याचं वाक्य करायचं — पुस्तकातलं नाही, आपल्या घरचं. घरचं सांगितलं की भाषा अंगात मुरते, असं माझं म्हणणं. नियम माझाच होता बरं का.

त्या दिवशी शब्द होता 'एक्झामिन'. निरखून पाहणं, तपासणं. एक म्हणाली, माझे बाबा बैलाचे दात एक्झामिन करतात. दुसरी म्हणाली, आई बाजारात वांगं एक्झामिन करते. हसू चाललं होतं. मग पाळी आली ललिताची. ही गिरजाबाईची सून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नर्सिंगला जायचं तिच्या मनात होतं.

ती म्हणाली, "माय मदर-इन-लॉ एक्झामिन्स माय पेटी." सासू माझी पेटी तपासते. पोरी हसल्या. मग, "माय हजबंड एक्झामिन्स माय मोबाइल." मीही हसले. मग ती आणखी एक वाक्य बोलली, पण इतकं हळू की नीट ऐकू आलं नाही. मी सवयीनं म्हटलं, "मोठ्यानं म्हण."

तिनं वर पाहिलं. माझ्याकडे. आणि मोठ्यानं म्हणाली —

"नोबडी एक्झामिन्स माय बॅक."

माझी पाठ कोणी बघत नाही.

"पाठ काय पाहाची वो, बैल आहेस का तू?" एक पोरगी बोलली आणि सगळ्या खिदळल्या. मला मात्र कळलं होतं. खोटं कशाला सांगू — तिथल्या तिथे कळलं. एवढ्या उन्हात ती पदर पाठीवरून घट्ट का ओढून घ्यायची, तेही कळलं. सासूच्या तोंडासमोर, सासूला न कळणाऱ्या भाषेत, माझ्याच नियमाच्या आडून ती मला सांगत होती. दुसरं कोण होतं तिला सांगायला?

गिरजाबाईनं सुपातून मान वर केली. "काय म्हणून राहिली वो बाई, माही बहू?"

मी म्हटलं, "म्हणते, सासू तांदूळ लय बारीक पाहते."

"नाही पाहिले तं खडे चावान नं तुमी सारे!" गिरजाबाई खूश झाली. सगळ्या हसल्या. ललिताही हसली — सगळ्यांच्या आधी. मी तिला "व्हेरी गुड" म्हटलं आणि पुढच्या पोरीकडे वळले.

का? ओसरी जाईल म्हणून? मैत्रीण तुटेल म्हणून? इंग्लिशबाई म्हणायला कोणी उरणार नाही म्हणून? घाबरले. एवढंच खरं.

दुसऱ्या दिवसापासून ललिता पुस्तकातलीच वाक्यं सांगायची. सूर्य पूर्वेला उगवतो, गाय गवत खाते. आणि मी — नियम करणारी — तिला एकदाही अडवलं नाही.

धानाच्या रोवणीत ती दवाखान्यात गेली. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून घसरून पडली, गिरजाबाई म्हणाली. मी डबा घेऊन गेले. नर्स तिला पालथं निजवून पाठीला औषध लावत होती. मी ती पाठ पाहिली. नवे वळ होते. जुनेही होते — जुने.

नर्सनं दार लोटलं. "मावशी, हे पडल्याचं नाही. ही तं तोंडच उघडत नाही. पोलिसाले सांगाचं तं कोणी बोलणारं पाहिजे नं. तुमी जवळच्या. तुमाले कधी काही बोलली का?"

ललिताचं तोंड उशीत होतं. कान उघडे होते. दाराबाहेर बाकावर गिरजाबाई बसली होती.

मी म्हटलं, "नाही जी. मला कधीच काही बोलली नाही."

तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. तक्रार झाली नाही. नर्सिंगचं काय झालं, ती कुठे आहे — ठाऊक नाही. वर्षभरानं गिरजाबाईच्या मुलाचं दुसरं लग्न झालं. त्या मांडवात मी जेवले.

बोलली होती ती. दोनदा बोलली. दुसऱ्यांदा तर मीच सांगितलं म्हणून — मोठ्यानं.