ब्रेकडाऊनमामांचे सहा नट

मुलांनो, ब्रेकडाऊनमामांना कुठलीही वस्तू समजून घ्यायची म्हणजे आधी ती उघडावी लागे. पंखा, मिक्सर, अगदी तुमच्या आजोबांचं दाढीचं यंत्रसुद्धा! सुटे भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ते फडक्यावर मांडत. आमचं सूत जमलं ते इथेच. माझ्या मसाल्याच्या डब्यांनाही क्रमांक आहेत, हे तुम्ही जाणताच.

मामा मूळचे थेरगावचे. चाकणच्या कंपनीत मशीन बंद पडलं की त्यांनाच हाक, म्हणून हे नाव. तिथे परदेशातून नवा प्रेस, म्हणजे पत्रा दाबून गाडीचे भाग घडवणारं यंत्र, येणार होता. तिकडच्या इंजिनिअरशी ज्याला बोलता येईल, तोच तो बसवणार; बाकीच्यांची रवानगी स्टोअरला. "बाई, स्टोअरला नट-बोल्ट वाटत बसाया लागलं तर मी संपलोच बगा," म्हणाले, आणि पन्नाशी उलटल्यावर माझ्याकडे इंग्रजी शिकायला आले.

सुरुवात मी त्यांच्याच शब्दाने केली: ब्रेक डाउन. मशीन बंद पडणं त्यांना ठाऊकच होतं. बोलणी फिसकटली तरी हेच, दार फोडलं तरी हेच, पोटात अन्नाचं विघटन झालं तरी हेच, असं मी सांगत गेले.

"इंग्रजांकडं शब्दांचा तुटवडा हाय व्हय, बाई?"

प्रत्येक अर्थाला खिशातला एक नट, असे ते माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर मांडू लागले. माणूस ढसाढसा रडू लागला तरीही हेच, म्हटल्यावर त्यांचा हात थांबला.

"आई गेली तवा माझं झालतं. ड्युटीवर कुणाला बोललो न्हाई."

त्या अर्थाला त्यांनी सगळ्यांत लहान नट दिला. सहावा अर्थ, अवघड गोष्ट टप्प्याटप्प्याने उलगडून सांगणं. "हे तर मी रोजच करतो की!" मामा खूश!

मुलाखतीत परदेशी साहेबाने जुन्या प्रेसचा बिघाड समजावून सांगायला लावला. मामांचं इंग्रजी तिसऱ्या वाक्यालाच संपलं. मग त्यांनी सरळ टेबलावर रुमाल पसरला आणि पेन, टोपण, चष्मा, कप ओळीने मांडले. "फर्स्ट धिस. देन धिस. हिअर हीट." साहेब उठून त्यांच्या बाजूला आला, वाकला, चष्म्याकडे बोट दाखवून म्हणाला, "व्हाय?" मामा दीड तास सांगत होते!

"बाई, घेतलं! मला घेतलं!" हा फोन आला तेव्हा मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली.

प्रेस सुरू झाला त्या दिवशी मामांनी मला व्हिडिओ कॉल लावला. गाडीचं पहिलं बॉनेट एका टोकाला मामांनी आणि दुसऱ्या टोकाला साहेबाने उचलून धरलं होतं. यंत्राच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, तरी ते दोघे तिकडे ओरडत होते आणि मी इकडे.

तेव्हापासून मामांना शिकवणीला यायला वेळ नाही. ही तक्रार मी सगळ्या सोसायटीला मोठ्या हौसेने सांगत फिरते.