आत्यानं दिलेला होकार

माझी आत्या गाद्या शिवते, आणि तिच्याइतकी खुनशी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. हे मी कौतुकानं सांगतेय.

दंगलीत तिचा एकुलता एक पोरगा मारला गेला. मारणारा नदीपलीकडच्या वस्तीतला, आम्हा भावंडांच्याच वयाचा. त्याला शिक्षा झाली. मग सलोखा समिती आली आणि त्या शहाण्यांनी दोन्ही वस्त्यांच्या मध्ये कारखाना काढला, दवाखान्यांसाठी जाड गाद्यांचा. गादी चौकटीत उभी बांधायची, एक बाई या बाजूला, एक त्या बाजूला. इकडून लांब सुई घुसवायची, तिकडून ओढून परत पाठवायची. जोडी मात्र दोन वस्त्यांचीच हवी, हा समितीचा नियम. आत्याच्या वाट्याला कोण यावी? त्याच मारेकऱ्याची आई! समितीला हे ठाऊकच नव्हतं. कळल्यावर त्यांची अशी तारांबळ उडाली की विचारू नका. पण आत्या म्हणाली, "राहू दे. मला हीच हवी."

सुई घुसवण्याआधी "आली" म्हणायचं असतं, म्हणजे पलीकडचा हात बाजूला होतो. आत्या म्हणायचीच नाही. थोड्याच दिवसांत त्या बाईच्या बोटांची चाळणी झाली. मी शेजारच्या चौकटीवर होते. खोटं कशाला बोलू, जिवाला गार वाटायचं. बाई बोटाला चिंधी गुंडाळायची आणि सुई परत पाठवायची. पाठवताना दरवेळी म्हणायची, "आली हं ताई."

"ताई म्हणे! जीभ झडो मेलीची," आत्या घरी येऊन करवादायची.

पुढे समितीनं जाहीर केलं: चांगलं वागणाऱ्या कैद्यांची उरलेली शिक्षा माफ होईल, पण मेलेल्याच्या घरच्यांनी सगळ्यांसमोर हो म्हटलं तरच. आत्याचे डोळे चमकले. "आता येईल नाक घासत. पाया पडेल. पडू दे. मग चारचौघांत नाही म्हणते."

बाई काही आली नाही. वेळेवर कामाला यायची, शिवायची, जायची. आत्याची नुसती तडफड. शेवटी तिनंच गादीवरून ओरडून विचारलं, "का गं, पोरगा नको का तुला?"

तिकडून आधी सुई आली. मग बाई म्हणाली, "हवाय की. पण तुमच्याकडं कोणत्या तोंडानं मागू? तुमचा काय परत येणार आहे?"

त्या दिवशी आत्या जेवली नाही. रागानं की कशानं, विचारायची माझी छाती झाली नाही.

बैठकीला सगळा कारखाना जमला. मी मनात म्हणत होते, नाही म्हण, सडू दे मेल्याला. आत्या उभी राहिली.

"सोडा त्याला."

समितीचे साहेब टाळ्या वाजवायला लागले. आत्या त्यांच्यावरच उखडली. "टाळ्या कसल्या पिटताय? माझं बोलणं पुरं होऊ द्या. सोडा, पण आईच्या जागी त्याला माझ्या गादीपलीकडं बसवा. तुरुंगात माझ्या पोराबद्दल त्याला कोण सांगतंय? कुणाला मारलं हेच त्याला माहीत नाही. मी सांगीन."

आता तो येतो, मान खाली घालून बसतो. त्याची आई माझ्या चौकटीवर आलीय. मी तिच्याशी एक शब्द जास्तीचा बोलत नाही, पण सुईच्या वेळी बोलावंच लागतं. आत्यासुद्धा हल्ली न चुकता "आली" म्हणते. बोटं फाटली तर घरी बसेल ना तो, आणि मग ऐकणार कोण? दिवसभर ती सांगत असते. पोरगा उशिरा बोलायला लागला. कुत्र्यांना घाबरायचा, पण शेजारणीच्या कुत्र्याला लपून पोळी द्यायचा. दुधाचा दात पडला तर तो परत बसवून द्या म्हणून रडला. एक गोष्ट गाळत नाही आत्या.

परवा गादीपलीकडून हुंदका ऐकू आला. "मावशी, हात जोडतो. बास करा."

"बास कसं?" आत्या म्हणाली. "अजून तो पहिलीतच आहे. मोठा व्हायचाय की."