दोन सेकंद दाबून धरा

कंट्रोलर बोर्डाशी, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या सर्किटशी, खेळणाऱ्या हौशी लोकांचा आमच्या जिल्ह्यात मोबाईलवर एक ग्रुप आहे. कोणी विहिरीवरच्या मोटारीला टायमर बसवतो, कोणी अंडी उबवायच्या पेटीचं तापमान सांभाळतो, कोणी नुसतेच दिवे लुकलुकवत बसतो. अडलं की फोटो टाकतात आणि कोणीतरी उत्तर देतं. ते कोणीतरी बहुतेक वेळा मी असतो. नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात मी आहे, मशीन का बंद पडलं ते शोधणं हेच माझं काम. घरी येऊन तेच काम मी फुकट करतो आणि खरं तर तेच मला जास्त आवडतं. कारखान्यात मला कोणी सर म्हणत नाही. ग्रुपवर सगळे म्हणतात.

शेवगावचे एक गृहस्थ या ग्रुपवर होते. मार्केट यार्डात वजनकाट्यावर कामाला, व्हिडिओ बघून बघून शिकलेले. त्यांच्या आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली होती, डाव्या हातात थोडी ताकद होती. त्यांनी आईच्या कॉटपाशी एक बटण लावलं, तिथून लांब वायर ओढून मागच्या खोलीत नेली आणि तिथे बोर्ड आणि बेल बसवली. मागच्या खोलीत त्यांची बायको शिलाई मशीन चालवायची. आईने बटण दाबलं की सुनेला कळावं, एवढाच हेतू.

अडचण अशी होती की बेल आपोआप वाजायची.

"सर, मिसेसनी मशीनची मोटर चालू केली की बेल वाजतीय," त्यांनी लिहिलं. "आई झोपलेली असली तरी वाजतीय. मिसेस म्हणती, मशीनवर बसू का कॉटपाशी पळू?"

"वहिनींना मशीन विकायला सांगा, फॉल्ट लगेच जाईल," कोणीतरी लिहिलं आणि वीसेक जण हसले.

मी रीतसर चौकशी केली. वायर किती लांब? लाईटच्या वायरिंगला लागून गेली आहे का? बोर्डाला सप्लाय कुठून? बटण कुठल्या पिनवर? सगळं विचारलं. संगमनेरचे एक निवृत्त प्राध्यापक ग्रुपवर आहेत, कमी बोलतात. त्यांनी मध्येच लिहिलं, "वायर बदला. जाळीचं वेष्टण असलेली शिल्डेड घ्या, आणि बोर्डापाशी बाहेरून रेझिस्टर लावा. पिन अशी लटकत ठेवायची नसते, मोटरचा झटका ती वायरीतून पकडते."

उत्तर बरोबर होतं. मलाही तेच द्यायचं होतं, पण ते आधी त्यांनी दिलं. मी लिहिलं, "सर, तुमच्या प्रवरेकाठी सगळं मिळतं. शेवगावात शिल्डेड वायर मागितली तर दुकानदार सुतळीचं बंडल काढून देईल." पुन्हा हशा. शेवगावचे गृहस्थही हसले. मग मी माझा उपाय दिला. वायर तशीच राहू द्या, कोडमध्ये बदल करा. बटण सलग दोन सेकंद दाबलेलं दिसलं तरच बेल वाजवायची. मोटरचा झटका क्षणभराचा असतो, तो आपोआप गळून जाईल. चार ओळी लिहूनही दिल्या.

दुखणं तारेत होतं आणि मी औषध प्रोग्रामला दिलं. तेही गरजेपेक्षा कितीतरी जास्त. असला झटका गाळायला सेकंदाचा विसावा भाग पुरला असता. दोन कुठून आले, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. कुठूनच आले नाहीत. तोंडात आलेला आकडा होता.

त्यावर मी आणखी एक उपकार केला. त्यांचं घरगुती बटण लवकर खराब होईल म्हणून माझ्याकडे पडलेलं पॅनेलचं हिरवं बटण शेवगावला जाणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर पाठवून दिलं. "स्प्रिंग दणकट आहे," मी फोनवर सांगितलं. "तुमच्या-माझ्यानंतरही चालेल."

दोन दिवसांनी त्यांनी व्हिडिओ टाकला. पोती उचलून राठ झालेला त्यांचा अंगठा हिरव्या बटणावर टेकतो, एक, दोन, आणि आतल्या खोलीत बेल वाजते. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. तो व्हिडिओ मी चार-पाच वेळा पाहिला असेन, टाळ्या मोजायला.

महिन्याभराने दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा घेत होतो तेव्हा त्यांचा फोन आला.

"सर, आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. नगरला ऑपरेशन केलं, आता घरी आणलीय."

"पडल्या कशा?"

"मोरीकडं जायचं हुतं, एकटीच उठली. बेल मारायची ना, तर न्हाई. आता म्हणती, दाबली हुती, कोणी आलं न्हाई. मिसेस तर तिथंच मशीनवर बसलेली. ती म्हणती, वाजलीच न्हाई. मला काय करावं कळंना." मग त्यांनी हळूच विचारलं, "सर, सर्किटमधी काही मिस होत असंल का?"

त्यांचं वाक्य संपायच्या आत मला कळलं होतं. डावा हात, दणकट स्प्रिंग, दोन सेकंद. तिन्ही गोष्टी मला पहिल्यापासून माहीत होत्या, फक्त त्या मी एका ओळीत कधी मांडल्या नव्हत्या.

मी विचारलं, "तुम्ही दाबून बघितलंत का?"

"दहादा बघितलं. दर टायमाला वाजती."

"मग सर्किट ओके आहे."

"मी बी तेच म्हणलं. डॉक्टर म्हणत हुते, झटक्यानंतर म्हाताऱ्या माणसाच्या ध्यानात राहत न्हाई कधीकधी. तसंच झालं असंल."

"असेल," मी म्हणालो.

तो एक शब्द मी जन्मभर विसरणार नाही. हाड मोडलं ती माझी चूक होती, आणि चूक माणसाकडून होते असं म्हणून ती कशीतरी गिळता आली असती. पण हा शब्द मी समजून उमजून उच्चारला. त्या बाई खरं बोलत होत्या, आणि हे ठाऊक असलेला जगात मी एकटा माणूस होतो.

संध्याकाळी घरी आल्यावर तसंच दुसरं बटण काढून टेबलावर ठेवलं आणि डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांनी दाबून धरून पाहिलं. दुसऱ्या सेकंदाला बोटं थरथरायला लागली. बायकोने विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं.

"मग फोन करा ना त्यांना," ती म्हणाली.

"बघतो. जरा विचार करतो."

"ग्रुपवर कोणी विचारलं नाही तरी सांगत बसता. आता त्या माणसाने विचारलंय, तर विचार करताय?"

मी विचार केला तो असा. आता सांगून मोडलेलं हाड जुळणार आहे का? डॉक्टर म्हणतात म्हणजे त्या बाईंच्या स्मरणाचंही काही असेलच. बसवलं त्यांनी, वापरलं त्यांनी, मी फक्त सुचवलं. अशी कारणं मी रोज एक या हिशेबाने काढली. खरं कारण एकच होतं, की चूक ग्रुपवरही कबूल करावी लागेल आणि संगमनेरचे सर ते वाचतील.

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी रविवार होता. आदल्या दिवशी शिल्डेड वायर, रेझिस्टर वगैरे आणून ठेवलं होतं, आणि लांब पत्तीचा एक हलका स्विच प्लायवूडच्या तुकड्यावर बसवून घेतला होता, हाताची पालथी बाजू नुसती टेकली तरी लागेल असा. सकाळच्या शेवगाव गाडीत बसलो आणि तिसगाव यायच्या आत ग्रुपवर लिहिलं की दोन सेकंदांचा माझा सल्ला चुकीचा होता, त्यामुळे एक बाई पडल्या, ज्यांनी तो वापरला असेल त्यांनी आज काढून टाकावा, आणि संगमनेरच्या सरांनी सांगितलं होतं तेच बरोबर. सर टोमणा मारतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "आई कशा आहेत?" मी चौकशीच केली नव्हती.

"जयभीम सर, या या," गृहस्थ दारातच म्हणाले. मी येतो एवढंच फोनवर कळवलं होतं. त्यांना वाटलं, आजारी माणसाला भेटायला आलो. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत कॉटवर त्यांची आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. सुनेने चहा आणला, कप माझ्या हातात देताना हळूच बोलली, पण खोली एवढीशी की ऐकू सगळ्यांना गेलं.

"सर, तुम्हीच सांगा आता. बेल चालू हुती का न्हाई?"

"त्यो काय सांगनार?" भिंतीकडून आवाज आला. "ज्यानं केलं त्यो चांगलंच म्हननार."

मी कप खाली ठेवला. "मावशी, एकदा बटण दाबून दाखवता?"

"का? परीक्षा घ्यायला आलाव व्हय?"

मुलाने त्यांना जरा उचलून बसवलं. डावा हात त्यांनी खांद्यातून ओढत बटणापर्यंत नेला. बोटं उघडत नव्हती, म्हणून मूठच बटणावर ठेवली आणि अंगाचा भार दिला. टक्क असा आवाज झाला आणि मूठ घसरली. आतली बेल गप्प. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा टक्क, पुन्हा काही नाही.

"आई, धरून ठेव ना. सांगितलं हुतं ना तुला," मुलगा म्हणाला.

"धरून ठिवायची ताकद असती तर मला बेल कशाला लागली असती?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. जे बोलायचं ते मी घरून पाठ करून आलो होतो, पण तसं बोलता आलं नाही. मी म्हणालो की त्यांनी त्या दिवशी बटण दाबलं होतं. असंच दाबलं असणार. बेल वाजली नाही ती माझ्यामुळे. दोन सेकंदांची अट मी घातली, कडक बटण मी पाठवलं, आणि ते कोणाच्या हाताने दाबलं जाणार आहे याचा विचार केला नाही.

"पण सर, आपण टेस्ट केलं हुतं," मुलगा म्हणाला.

"तुमच्या अंगठ्याने केलं."

सून मशीनच्या स्टुलावर बसली. "म्हंजे मी बी खोटी नव्हते," ती म्हणाली, आणि जरा वेळाने, "आन आत्या बी नव्हत्या." सासूने तिच्याकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"तुमाला हे कवा कळलं?"

आज कळलं असं म्हणता आलं असतं. "फोन आला त्या दिवशी," मी म्हणालो. "अकरा दिवस झाले, मावशी. आज बारावा."

"अकरा दिवस म्या खोटी," त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही. मग पुन्हा भिंतीकडे वळल्या.

पुढचे दोन तास मी वायर बदलण्यात घालवले. मुलगा पक्कड, स्क्रू ड्रायव्हर हातात देत होता, पण एरवीसारखे प्रश्न विचारत नव्हता. जुनं कोड पुसून नवं टाकलं. सुनेने मशीन चालू-बंद करून दाखवलं, बेल वाजली नाही. मावशींनी पत्तीवर हात टेकवला, ती लगेच वाजली. त्यांनी मान हलवली, एवढंच. मी पिशवी भरली. दोनची गाडी मिळणार होती.

"बसा," मावशी म्हणाल्या. "माजी लेक येनार हाय पाथर्डीवरनं. तिला ह्या दोघांनी सांगितलंय, आईचं डोस्कं फिरलंय म्हनून. तिच्याम्होरं सांगा."

"मी त्यांना फोन करतो ना, मावशी. आत्ताच करतो."

"फोनवर ह्यांनी बी सांगितलं. तुमी तोंडाम्होरं सांगा."

मी बसलो. मुलाने जेवायला वाढायला लावलं, मी पानातलं तेवढं संपवलं. लेक चारच्या सुमारास आली, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत आईने तिला माझ्यासमोर बसवलं. मी सांगितलं. लेक खूप चिडली, आधी भावावर, मग माझ्यावर. "एवढं समजतं तर एवढं कसं समजलं नाही?" असं तिने दोनदा विचारलं. मावशी मध्ये पडल्या नाहीत.

तेवढ्यात शेजारच्या बाई डोकावल्या, कोण पाहुणे आलेत ते बघायला. मावशींनी त्यांनाही आत घेतलं. "ये गं, टेक. ह्यांचं आईक."

तिसऱ्यांदा सांगताना माझ्या लक्षात आलं, मी गोष्ट आखूड करत होतो. तारेतला दोष, कडक स्प्रिंग, माझी चूक, असं म्हणून मी थांबलो.

"अकरा दिवसांचं बी सांगा," मावशी म्हणाल्या.

तेही सांगितलं. शेजारणीने माझ्याकडे फारसं पाहिलं नाही. ती कॉटच्या कडेला जाऊन बसली आणि मावशींचा डावा हात हातात घेतला.

"म्हंजे तू दाबलं हुतंस गं."

"दाबलं हुतं," मावशी म्हणाल्या. "तीनदा दाबलं. मंग उटले."