शेवटच्या खोलीतली माती

ती घटना आठवली की आधी एक कुलूप डोळ्यांसमोर येतं. चाळीतल्या शेवटच्या खोलीच्या दारावरचं लाखेचं सील मी स्वतः फोडलं, कुलूप काढलं आणि चावी चाळमालकाच्या हातात ठेवली. त्याने विचारलं, "साहेब, आता भाडेकरू ठेवला तर चालंल ना?" मी मोटारसायकलला किक मारता मारता म्हणालो, "ठेव की. आमचं काम झालं." माझी चूक तिथे झाली. आणि तिची शिक्षा मी एका निरपराध बाईला दिली.

शहापूर-मुरबाड भागातल्या एका बाजाराच्या गावी मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या चोरणाऱ्यांनी उच्छाद मांडला होता. आसनगावपासून तानसाच्या जंगलापर्यंत आज हा टॉवर बंद, उद्या तो. खबऱ्याने सांगितलं की एसटी स्टँडमागच्या जुन्या चाळीत, शेवटच्या खोलीतून ॲसिडचा उग्र वास येतो. आम्ही छापा घातला. आत दोघं जण बॅटऱ्या फोडून, त्यातलं शिसं कढईत वितळवून लगडी पाडत बसले होते. लगडी, कढई, हातोडे असा मुद्देमाल जप्त केला, पंचनामा केला. कोपऱ्यात भट्टीजवळ राखेचा आणि काळपट भुकटीचा थर साचला होता. हवालदाराने विचारलं, "हे पण घ्यायचं का?" मी म्हणालो, "राखेचं काय करतोस? निरुपयोगी म्हणून लिही." वरिष्ठांनी शाबासकी दिली. काही दिवसांनी खोली मालकाला परत दिली. त्याने ती राख तिथेच दाबली, वरून शेणाने सारवून घेतलं, भिंतीला चुना मारला आणि खोली भाड्याला लावली.

पुढच्या वर्षी चाळीतूनच खबर आली. तिथे राहणाऱ्या एक मावशी पोलीस ठाण्यात आल्या, पदराने घाम पुसत बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आमच्या शेजारची पोरगी मरल एक दिवस. सावत्र आई हाय तिची. पोरीच्या तोंडात बोटं घालून कायतरी कोंबते. पोर किंचालते नुसती. मी माझ्या डोल्यांनी बघितलंय."

मुलगी चार वर्षांची. तिची आई वारलेली. वडील एका कारखान्यात पाळीवर कामाला. त्यांनी डोंगराकडच्या एका वाडीतली मुलगी दुसरी बायको म्हणून केली होती आणि कारखाना जवळ पडावा म्हणून चाळीत खोली घेतली होती. खोलीत आल्यापासून मुलगी सुकत चालली होती. पोटात कळा, शौचाला न होणं, चेहरा चुन्यासारखा पांढरा. सरकारी दवाखान्यात दोनदा जंतांचं औषध झालं, रक्तवाढीचं झालं. गुण नव्हता.

औषधं होऊनही पोर झिजतंय, घरात सावत्र आई आहे आणि शेजारणीने डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या डोक्यात गुन्हा तिथेच पुरा झाला. पोलिसाला एक वाईट खोड असते: उत्तर आधी सापडलं की तो प्रश्न उत्तराला जुळतील असेच विचारतो.

महिला शिपाई सोबत घेऊन मी चाळीत गेलो. खोलीत गेलोच नाही. मालकाने अंगणात खुर्ची टाकली, तिच्यावर बसलो आणि त्या बाईला बाहेर बोलावलं. चाळ तीच आहे हे मला माहीत होतं. खोलीही तीच आहे हे उंबरा ओलांडला असता तर कळलं असतं.

ती विशी-बाविशीची असेल. लुगडं नीट खोचलेलं, हात शेणाने भरलेले. मुलगी तिच्या मागे, पदर घट्ट धरून. ही गोष्ट मी तेव्हा पाहिली होती. तिचा अर्थ लावला नाही.

"काय भरवतेस पोरीला?"

"मी घालत नवते साहेब. काढत होते."

"काय काढत होतीस?"

"माती. पोरगी माती खाते. त्या कोपऱ्यातलीच. दुसरी नाय खात. मी सारवते, ती पुन्हा उकरते. गोड लागते म्हनते."

मी चाळीकडे बघून म्हणालो, "ऐकलंत? माती गोड लागते. मग उद्यापासून चहात साखर कशाला, कोपरा खरवडून घाला."

सगळी चाळ हसली. शेजारच्या मावशी सर्वांत जोरात. ती बाई मान खाली घालून उभी होती. मी आवाज चढवला. सावत्र आया कशा असतात ते मला शिकवू नकोस, म्हणालो. पोरीला काही झालं तर तुला आत टाकीन, म्हणालो. अजूनही काही बोललो. ते लिहिण्याची हिंमत माझ्यात नाही.

खोलीची झडती महिला शिपाई आणि एका पंचाने घेतली. काही सापडलं नाही. दवाखान्यातून मुलीची तपासणी करवली, कीटकनाशक किंवा उंदराचं औषध यांचा मागमूस नव्हता. गुन्हा दाखल करण्यासारखं हातात काही नव्हतं. तेव्हा मला एक युक्ती सुचली आणि मी तिच्यावर खूश झालो. नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणालो, "हिला माहेरी पाठव. पोरगी सुधारली तर आपोआप सिद्ध होईल." असा हुकूम द्यायचा मला अधिकार नव्हता. पण पोलिसाच्या सल्ल्याला नाही म्हणणारा कामगार मी पाहिलेला नाही.

जाताना ती बाई ठाण्याच्या दारात थांबली. आत आली नाही. ठाणे अंमलदाराला म्हणाली, "भाऊ, साहेबांना सांगा, पोरीवर ध्यान ठेवायला लावा. ती माती खाते." अंमलदाराने तो निरोप मला हसत हसत दिला. मीही हसलो.

नवरा कामावर गेला की मुलगी शेजारच्या मावशींच्या नजरेखाली असे. नजरेखाली म्हणजे मावशी दारात तांदूळ निवडत आणि मुलगी आपल्या खोलीत खेळे. आठवड्याने मावशी ठाण्यात येऊन सांगून गेल्या, "बघा साहेब, आता रडनं नाय, किंचालनं नाय. शांत बसते कोपऱ्यात." मी हवालदाराकडे पाहून मान डोलावली. माझा अंदाज खरा ठरत होता. तिच्या तोंडातून माती काढणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती रडत नव्हती.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी तिला झटके आले. शेअर जीपमधून कल्याण, तिथून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात. विषबाधेचा संशय आधीच नोंदलेला असल्यामुळे मलाही जावं लागलं. लहान मुलांच्या वॉर्डमधल्या डॉक्टर बाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"मुलीच्या रक्तात शिसं आहे. खूप. एका दिवसात पोटात गेलेलं नव्हे, रोज थोडं थोडं गेलेलं. घरात कोणी रंगकाम करतं? दारं-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट खरवडलाय का? कोणी बॅटऱ्या फोडतं?"

बॅटऱ्या हा शब्द ऐकून मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"साहेब, औषधाने आम्ही शिसं उतरवू. पण पोर परत त्याच घरात गेलं तर पुन्हा चढेल. पुढच्या वेळी कदाचित माझ्या हातात काही राहणार नाही. ते कुठून जातंय हे तुम्ही शोधा." मग जरा थांबून म्हणाल्या, "शिशाची भुकटी पोरांना गोड लागते. ती काही चाटते का, खाते का, आईला विचारा. आईला माहीत असतं."

आईला माहीत होतं. आईने सांगितलं होतं. चाळीसमोर सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर जीप आधी चाळीत घ्यायला लावली. छाप्याच्या वेळचाच हवालदार बरोबर होता. मी खोलीचा उंबरा ओलांडला आणि तो दारातच थबकला. म्हणाला, "साहेब, ही तर आपली खोली."

चुन्याखालून भट्टीचा काळा डाग भिंतीवर उमटला होता. त्याच्या पायथ्याशी सारवण उकरलेलं, मुलीच्या मुठीएवढा खड्डा. मी काठीने थोडं खरवडलं. खाली ती भुकटी तशीच होती आणि तिच्यात शिशाचे बारीक मणी चमकत होते. मी निरुपयोगी म्हणून लिहायला लावलेला मुद्देमाल.

चाळमालक मागून येऊन उभा राहिला. मी त्याच्यावर ओरडलो, "ही घाण तशीच ठेवून खोली भाड्याने दिलीस?" तो शांतपणे म्हणाला, "मी तुमाला इचारलं होतं, साहेब." नोकरीत मला शिव्या मिळाल्या, धमक्या मिळाल्या. त्या वाक्याइतकं काही लागलं नाही.

खोली पुन्हा बंद केली. आरोग्य खात्याची माणसं आली, जमीन हातभर खणून माती पिंपांत भरून नेली. त्यांनी चाळीतल्या बाकीच्या लेकरांचंही रक्त तपासायला नेलं आणि मालकाला बजावलं की दारांवरच्या जुन्या रंगाचे पोपडे कोरडे खरवडू नको, पाणी मारून काढ, लेकरं दूर ठेव. बायकांना सांगितलं, खोली झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, जेवायच्या आधी पोरांचे हात धुवा. एवढं साधं होतं. सील फोडण्याआधी मी कुणाला तरी विचारलं असतं, तर तेवढ्यानेही भागलं असतं.

मुलगी वाचली. नवऱ्याने बायकोला परत आणलं, दुसऱ्या आळीत खोली घेतली. मी कागदावर 'चौकशीत तथ्य आढळले नाही' असं लिहिलं आणि प्रकरण बंद केलं. तिच्याकडे गेलो नाही. बदली झाली, मग आणखी एक बदली, मग निवृत्ती. बॅटरीचोरीच्या तपासाचं प्रशस्तिपत्र प्रत्येक घरी भिंतीवर लागत गेलं. निवृत्तीनंतर ते काढून ठेवलं.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं विचाराल तर एकच सांगतो. चोराला पकडलं, माल उचलला की आम्ही जागा सोडून देतो. त्या जागेत पुढे माणसं राहायला येतात, रांगणारी पोरं येतात. जी वस्तू कोर्टात उपयोगी नाही तीही कुणाच्या तरी पोटात जाऊ शकते. आणि खालमानेने बोलणारं माणूस खोटंच बोलत असतं असं नाही.

गेल्या हिवाळ्यात अखेर तिचं घर शोधत गेलो. ती दारात वाल सोलत होती. मुलगी आता मोठी झाली आहे. शेजारी बसून शेंगा एका टोपलीतून दुसरीत टाकत होती, एकेक, सावकाश. शाळेत मागे पडते, विसरते, असं बाईने सांगितलं. तक्रारीच्या सुरात नव्हे.

"आई, कोन गो हे?" मुलीने विचारलं.

"पोलीस," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "बसा."

मी उभाच राहिलो. वाटेत घोकलेलं सगळं बोलू लागलो. तिने ऐकून घेतलं आणि मध्येच हात वर केला.

"साहेब, तुमी बोलला तेव्हा सगली चाळ बाहेर होती. अजून बाजारात ती शेजारची मावशी दिसली का मी रस्ता बदलते. आता हितं माझ्या दारात हलू हलू बोलून काय उपेग?"

रविवारी, चाळ घरी असते त्या वेळी, आम्ही तिघं तिथे गेलो. अंगण तसंच होतं. कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली. मी ती परत पाठवली. शेजारच्या मावशी थकल्या आहेत, भिंतीला धरून बाहेर आल्या. लोक जमले. निम्मे भाडेकरू नवीन होते, कडेवर लेकरं घेतलेले. कशासाठी बोलावलंय त्यांना माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "या ताईंना मी याच जागी, तुमच्यासमोर, पोरीला विष घालणारी म्हणालो होतो. त्या विष घालत नव्हत्या, काढत होत्या. विष त्या कोपऱ्यात होतं. मी ते आधी पाहिलं होतं, तसंच सोडलं होतं आणि खोलीचं कुलूप माझ्या हाताने उघडून दिलं होतं. यांनी मला खरं सांगितलं, मी त्याची चेष्टा केली आणि पोरीला यांच्यापासून तोडलं. पोरीचं जे नुकसान झालं ते माझ्यामुळे." मग मी मुलीकडे वळलो. ती आईचा पदर धरून उभी होती, तेव्हासारखीच. "बाळा, तुझी आई खरं बोलत होती. ताई, माझं चुकलं. मला माफ करा."