रेडिओवरचं पाणी आणि टीव्हीवरचं पाणी

रेडिओवर माझी निवड झाली, कारण आमच्या साहेबांना मराठी येत नव्हतं.

पोर्ट लुई राजधानी असलेल्या आमच्या बेटावर सुरिनाम नावाचं एक गाव आहे (त्या नावाचा देश वेगळा), तिथे मी राहायचे. दिवसा गावच्या शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी देवळामागच्या खोलीत पोरांकडून बाराखडी घोकून घ्यायचे. सत्तरच्या दशकात कधीतरी रेडिओवाल्यांनी ठरवलं, की देशात काय चाललंय ते मराठी लोकांनाही त्यांच्या भाषेत कळायला हवं. रोज नाही, आठवड्यातून एकदा. देवळाच्या मंडळानं माझं नाव पुढे केलं. थंड पठारावरच्या रेडिओ स्टुडिओत साहेबांनी माझ्या हातात उसाच्या भावाबद्दलचा फ्रेंच मजकूर दिला. मी त्याचं मराठी करत करत वाचला. साहेब सगळा वेळ घड्याळाकडे बघत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "छान. वेळेत बसलं."

आमच्या घरची मराठी काही पुस्तकातली नाही. पूर्वजांनी कोकणातून आणलेली, आणि जिथे शब्द सापडला नाही तिथे बेटावरच्या क्रेओल बोलीतला घेतलेली. मी तीच बोलायचे. साहेबांची त्याला काहीच हरकत नव्हती. कार्यक्रमात मराठी आहे एवढं त्यांना वर कळवायचं असे आणि ते कळवलं जात असे.

एकदा आम्ही रिव्हिएर दू रांपार या गावी गेलो. तिथल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांची पाण्याची तक्रार होती. आम्ही म्हणजे मी आणि मशीनवाला, म्हणजे टेपरेकॉर्डर सांभाळणारा तंत्रज्ञ. एक मराठी शेतकरी टोमॅटोच्या वाफ्यात उकिडवा बसून खुरपत होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि पुन्हा खाली बघून खुरपायला लागला. मी त्याच्याजवळ बसले, माईक धरला आणि विचारलं, "दादा, पाण्याचं कसं काय?"

"पाइप हाय, मिस," तो म्हणाला. आमच्याकडे शिक्षिकेला सगळे मिसच म्हणतात. "पानी नाय."

"पाइप कधी आला?"

"निवडणुकीला आला. मंत्री आला, फीत कापली, तोटी खोलली. त्या दिवशी पानी आलं. माज्या बायकोनं कळशी भरली. ती कळशी आमी देवापाशी ठेवावी म्हणतो, परत कवा भेटंल काय म्हाईत."

मग त्यानं मंत्र्याच्या भाषणाची नक्कल केली. हातात खुरपं, आवाज मात्र थेट व्यासपीठावरचा. मशीनवाला तमिळ होता, त्याला मराठीचा शब्द कळत नव्हता, तरी तो खदखदून हसला. त्या टेपवर त्याचं हसूही आलं होतं.

स्टुडिओत साहेबांनी विचारलं, "काय म्हणतोय हा?"

"पाइपबद्दल बोलतोय," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"विकासाचं आहे तर. जाऊ दे."

तो कार्यक्रम वाजला तसा गावोगाव गाजत राहिला. आमच्या गावातल्या चिन्याच्या दुकानात लोक त्या कळशीवर बोलत होते. शेतकऱ्याला कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक गाव म्हणे तो आमचाच. माझ्या सासूबाईंनी तर आवाजावरून ओळखलं, की हा त्यांच्या मावशीकडचा. "त्या घरातले सगळे असेच फटकळ," त्या अभिमानानं म्हणाल्या. पाणीखात्यात कुणीतरी मराठी चपराशी होता. त्यानं ती नक्कल साहेबलोकांना करून दाखवली म्हणतात. काही असो, रिव्हिएर दू रांपारला पाणी आलं. बारीक धार, पण आलं.

मग घरोघरी टीव्ही आले. ऐंशीची दोन-चार वर्षं सरली तेव्हा रेडिओवरच्या मराठी गप्पा कुणी ऐकत नाही, असं साहेबांच्या लक्षात आलं. कार्यक्रम टीव्हीवर गेला. साहेबही बदलले. नवे साहेब परदेशात शिकून आले होते. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "आता लोकांना दिसलं पाहिजे."

"काय दिसलं पाहिजे?" मी विचारलं.

"ते आपण ठरवू," ते म्हणाले.

पहिल्यांदा ठरली माझी साडी. कॅमेऱ्यात पांढरी चालत नाही, बारीक रेघांची नाचते, लाल पसरते. शेवटी निळी चालली. मग माझ्यामागे पडदा आला, पडद्यापुढे कुंडी आली, कुंडीत प्लास्टिकचं ताडाचं रोप आलं. बाहेर सगळ्या बेटावर खरे ताड उभे होते. सगळं जमून आल्यावर कुणीतरी विषयाचं विचारलं. मी म्हटलं, रिव्हिएर दू रांपारचं पाणी. ते पुन्हा बंद झालं होतं. मी त्याच शेतकऱ्याकडे जाऊ म्हटलं, आणि साहेबांना ते आवडलं. "लोकांना ओळखीचा चेहरा हवा असतो," ते म्हणाले. त्याचा चेहरा कुणीच बघितला नव्हता.

या वेळी मोठी गाडी, कॅमेरा, दिवे आणि बरीच माणसं. शेतकऱ्याचं घर सारवल्यासारखं लखलखीत होतं. अंगणातली कोंबडी दिसेना. तो बाहेर आला तो मुलाच्या लग्नातला सूट घालून, टाय लावून, केसांना चपचपीत तेल. मी म्हटलं, "दादा, शेतात जाऊ या."

कॅमेरावाल्याला शेत पसंत पडलं नाही. सुकलेलं, पिवळं, भेगांची जमीन. "रंग नाही," तो म्हणाला. शेजारच्याच्या घरी विहीर होती, त्याचा वांग्याचा मळा हिरवागार होता. आम्ही सगळे तिकडे गेलो. पाणी नसलेला माणूस दुसऱ्याच्या ओल्या मळ्यात, बूट चिखलात, ताठ उभा राहिला.

मी विचारलं, "दादा, पाण्याचं कसं काय?"

त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "कोरेक."

आमच्या क्रेओलमध्ये कोरेक म्हणजे सगळं ठीक.

"म्हणजे पाणी येतं?"

"येतं."

"कधी येतं?"

"येतं, मिस." मग टाय नीट करत, शाळेत कविता म्हणावी तसं, "सरकारची मेहेरबानी हाय. आमी सुखी हाय."

दिवे विझले. मी त्याला बाजूला घेतलं. "दादा, हे काय केलंत? काल मी विचारायला आले तेव्हा तर म्हणालात, थेंब नाही."

"नायच हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "पर ते सांगायचं का? पोरीला बघून गेलेत, पोर्ट लुईचे. त्यांच्या घरी टीव्ही हाय. आमच्या घरात पानी नाय असं दिसलं तर कोन आमची पोर नेईल?"

"रेडिओवर सांगितलंत ना तेव्हा."

"रेडिओवर मी कुटं होतो?" तो म्हणाला.

मग त्यानं टाय सोडून खिशात घातला.

पुढे स्टुडिओत पाणीखात्याचे एक अधिकारी माझ्यासमोर बसले. पिवळ्या शेताबद्दल मी दोन वाक्यं बोलले. ते शांतपणे म्हणाले, "आपण आत्ताच मळा बघितला. किती हिरवा आहे." पडद्यावर वांगी चमकत होती. त्या वांग्यांपुढे माझ्या दोन वाक्यांचं काही चाललं नाही. वेळ भरायला जुन्या चित्रणातला फीत कापणारा मंत्री दाखवला गेला. फीत खरोखर सुंदर दिसत होती.

कार्यक्रम लागला तेव्हा आमच्या घरी अर्धं गाव जमलं होतं. मी कोपऱ्यात बसून लोकांचे चेहरे बघत होते. पाण्यावर कुणी बोललं नाही.

"साडी कुठली?" एकीनं विचारलं.

"पडदा नवा दिसतो," दुसरी म्हणाली.

सासूबाई शेतकऱ्याला बराच वेळ निरखत होत्या. "हा नव्हे तो," शेवटी त्यांनी निकाल दिला. "तो मावशीकडचा. हा कुणी साहेब आहे."

साहेबांनी मला बोलावून अभिनंदन केलं. मी धीर करून सुचवलं, की पुढच्या वेळी एखाद्याला नुसतं बोलू द्यावं, चेहरा न दाखवता, काळ्या पडद्यावर.

"मग लोक बघतील काय?"

"काही नाही. ऐकतील."

ते मनापासून हसले. पुढे कित्येक दिवस ते जेवणाच्या वेळी माझा हा विनोद इतरांना सांगत होते. मी राजीनामा वगैरे दिला नाही. खरं सांगायचं तर बसमध्ये लोक मला ओळखू लागले होते, कंडक्टर जागा करून देत होता, आणि निळ्या साडीनंतर मी एक हिरवीही घेतली होती.

पोर्ट लुईच्या लोकांना घर आवडलं. पोरीचं लग्न ठरलं. मलाही बोलावणं आलं आणि मला पुढच्या ओळीत बसवलं गेलं. मांडवामागे पाण्याचा टँकर उभा होता. टीव्हीवर सरकारचे एवढे आभार मानणाऱ्या माणसाच्या घरी कार्य आहे, हे कळल्यावर पाणीखात्याच्या त्या अधिकाऱ्यांनीच तो पाठवला होता. स्वतःही जेवायला आले. वधूपित्यानं त्यांना हार घातला, फोटो काढला, आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "मिस, जेवनं झाल्यावर टँकरमदी उरंल ते वाफ्यांना सोडलं तर चालंल ना?"

मी म्हटलं, कुणी बघत नसेल तेव्हा सोडा.

पाइपातून पाणी पुढे आलं, पण आमच्यामुळे नव्हे. पलीकडे समुद्राकाठी एक हॉटेल उभं राहिलं, त्याला पाण्याची मोठी वाहिनी टाकली, ती शेतांवरून गेली. त्या हॉटेलच्या उद्घाटनाला कॅमेरा घेऊन आम्हीच गेलो होतो. मंत्री नवा होता. मी हिरवी साडी नेसले होते आणि फीत कापली जाताना ती कॅमेऱ्यात नीट दिसावी म्हणून साहेबांनी सांगितल्याप्रमाणे थोडी डावीकडे सरकले.