अप्पांच्या गोळ्या

नळदुर्गच्या सरकारी दवाखान्यात आमचे अप्पा सरकारला शिव्या घालायचे आणि तिथला कंपाउंडर मान हलवून म्हणायचा, "व्हय अप्पा, लई वाईट सरकार. तुम्ही बसा आधी." पगार सरकारचाच, पण अप्पांना तो कधी "न्हाय" म्हणाला नाही.

गुडघेदुखीपायी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अफूची सवय लागली होती. निजामाचं राज्य गेल्यावर काही वर्षांनी अफूची दुकानं बंद होत गेली आणि अप्पा जमिनीवर लोळून तळमळायला लागले. मग दवाखान्यात सरकारी खर्चानं उपचार सुरू झाले. दर बाजारच्या दिवशी मी त्यांना बैलगाडीतून न्यायचो.

कंपाउंडर आधी बैलांची चौकशी करायचा, मग माणसांची. खलात अफू आणि गूळ घोटून तो आठवड्याच्या गोळ्या वळायचा. गोळी हरभऱ्याएवढीच राहायची, पण आत दर खेपेला अफू कमी आणि गूळ जास्त. मी ते पाहिलं, तेव्हा त्यानं डोळ्यांनीच मला गप्प बसवलं.

वर्षभरात अप्पा पुन्हा रानात जायला लागले. एका बाजारच्या दिवशी गाडीतून उतरताना त्यांनी घरच्या गुळाची ढेप काखेत मारली. आत जाऊन नेहमीसारख्या सरकारला शिव्या घातल्या आणि ढेप कंपाउंडरच्या टेबलावर ठेवली.

"घ्या. माझ्यापायी तुमचा लई गूळ गेला."

कंपाउंडरनं खल उचलून कपाटात ठेवला.